देठाकडची फोड

दुधी चिरण्याआधी देठाकडची एक पातळ फोड कापायची, ती चावून वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि मगच बाकीच्या दुधीला सुरी लावायची. हे मला सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "कडू लागली तर अख्खा दुधी फेकायचा. पैसे गेले म्हणून हळहळायचं नाही," असं त्या म्हणाल्या. मी तेव्हा नुकती बीएस्सी झालेली, राग कायम नाकावर. वाटलं, ह्या मला काय शिकवतात! पण शिकले. पस्तीस वर्षं ती फोड चाखली. छत्तिसाव्या वर्षीही चाखली, आणि त्या दिवशी माझा नवरा गेला.

मी वृषाली रेडीज. चिपळूणच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आठवीच्या फळ्यावर जिभेचं चित्र काढायचे आणि टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असं लिहायचे. ते चित्र चुकीचं आहे हे मला निवृत्तीला चार वर्षं उरली असताना कळलं. कडू ओळखणाऱ्या पेशी जिभेवर सगळीकडे असतात. इतक्या वर्षांत एकाही मुलीने हात वर करून "बाई, मला टोकालासुद्धा कडू लागतं" असं म्हटलं नाही. बाईंनी सांगितलंय म्हणजे खरंच असणार! पुढे माझ्या घरात जे झालं तेही याच विश्वासापायी झालं.

आधी गोडलशीबद्दल सांगते, कारण हल्लीच्या पोरांना वाटतं की ती जगाच्या सुरुवातीपासूनच होती.

जिभेवरच्या बारीक पेशींवर पंचवीसेक प्रकारची कुलुपं असतात असं समजा. कडू पदार्थाचा कण त्यातल्या एखाद्या कुलपात बसला की पेशी मेंदूला निरोप धाडते: थुंक. माणूस रानात पाला ओरबाडून खात होता तेव्हापासूनचा हा निरोप आहे, कारण पुष्कळशी विषं कडू असतात. पण सगळंच कडू काही विष नसतं. कारलं कडू, मेथी कडू, निम्मी औषधं कडू, आणि ती अंगाला चांगली. जिभेला हा फरक कळत नाही. तिच्याकडे घंटा एकच.

त्यात ऊन वाढलं. उन्हाने आणि पाण्याच्या ओढीने भाज्या कडवट व्हायला लागल्या. गावात दर दुसऱ्या माणसाला मधुमेह, डॉक्टर सांगतात भाज्या खा, आणि ताटातली भाजी कुणाच्या घशाखाली उतरत नाही. तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेने आधी थेंब काढले. दोन थेंब जिभेवर टाकले की दोन तास कडू म्हणून काही लागायचं नाही. भाजीवर शिंपडले तर दोन दिवस तिचा कडूपणा लागायचा नाही. मग निघाली लस. जिभेच्या चव घेणाऱ्या पेशी दर दहा-बारा दिवसांनी मरतात आणि खालच्या मूळ पेशींपासून नव्या तयार होतात. लस त्या मूळ पेशींतच शिरून कडूचा निरोप बंद करायची. त्यामुळे जी पेशी जन्माला येईल ती कडूपुरती मुकीच. एकदा लस घेतली की परत फिरणं नाही. लोकांनी तिला गोडलस नाव ठेवलं आणि रांगा लावल्या.

लशीबरोबर एक पत्रक मिळायचं. त्यात ठळक अक्षरांत दुधीचं नाव होतं. दुधी खरा गुणी. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, पचायला हलका, वजनवाल्यांना आणि आजारातून उठलेल्यांना सोसणारा. पण त्याच्या वेलाला ऊन फार लागलं किंवा कुठे रानटी जातीशी संकर झाला, की फळात एक कडू द्रव्य तयार होतं. कारल्याचा कडूपणा निराळा आणि हा निराळा. हे द्रव्य पोटाच्या अस्तराला जाळतं, रक्ताची उलटी होते, रक्तदाब पडतो. शिजवूनही ते जात नाही, आणि कच्चा रस तर सगळ्यात वाईट, कारण माणूस एका दमात अख्खा दुधी पिऊन टाकतो. यावर उतारा नाही. उतारा एवढाच की कडू लागलं तर थुंकायचं.

म्हणून नियम झाला. घरातल्या एका मोठ्या माणसाने लस घ्यायची नाही. तो त्या घराचा चाखणारा. त्याच्या आरोग्यपत्रावर निळा ठिपका.

आमच्या घरात तो ठिपका मला मिळाला, आणि खोटं कशाला बोलू, मी मिरवला. आमच्या इमारतीतल्या बायका बशीत दुधीच्या नाहीतर काकडीच्या फोडी घेऊन माझ्याकडे यायच्या. "रेडीजबाई, जरा बघता का?" मी फोड तोंडात टाकायचे, डोळे मिटून मोजायचे आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायचे. सहा वर्षांत तीन दुधी आणि काही काकड्या मी फेकायला लावल्या. आमचे हे, म्हणजे जयवंत, येईल त्याला सांगायचे, "हिची जीभ चुकत नाही हो. स्वभाव चुकतो कधीकधी, जीभ नाही."

ह्यांनी लस घेतली आणि माणूसच बदलला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, चारी ठाव जेवणारे, पण भाजी म्हटली की बटाटा. ते एकदम कारल्याच्या प्रेमात पडले. स्वयंपाक शिकले. दर मंगळवारी भरली कारली, शुक्रवारी मेथी, आणि रोज सकाळी पावणेसातला दुधीचा रस, पुदिना आणि आलं घालून. चार महिन्यांत सात किलो वजन उतरलं. "वृषाली, एक घास खाऊन तर बघ," असं म्हणत कारल्याची फोड माझ्या तोंडापुढे धरायचे. मी घास घ्यायचे आणि माझं तोंड वाकडं व्हायचं. ते हसायचे, पण पुढच्या मंगळवारी माझ्यासाठी वेगळा बटाटा करून ठेवायचे. एका टेबलावर दोन माणसं आणि दोन ताटं. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मला वाटायचं.

आणि मग हे जाण्याआधीची दिवाळी आली. आमच्याकडे नरकचतुर्दशीला अंघोळीनंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कारीट म्हणजे रानवेलीचं अंड्याएवढं फळ, दुधीच्याच कुळातलं आणि जहर कडू. ते फोडून त्याचा रस जिभेला लावायचा, तोंड कसंनुसं करायचं आणि मग फराळाचं गोड. त्या सकाळी मुलगी मृण्मयी, जावई, नात रेवा, सगळे आले होते. मोठ्यांनी कारीट जिभेला लावलं आणि एकमेकांकडे पाहत राहिले. काहीच लागेना! ह्यांनी तर कारटाची साल काकडीसारखी दाताने तोडून दाखवली. तोंड वाकडं झालं ते फक्त माझं आणि पाच वर्षांच्या रेवाचं, कारण सात वर्षांखालच्या मुलांना लस देत नाहीत. सगळे आम्हा दोघींकडे बघून पोट धरधरून हसले. मीही हसले. पण आत काहीतरी खुपलं. माझी माणसं माझ्यावाचून कुठेतरी पुढे निघून गेली होती.

जानेवारीत भाचीच्या बाळाच्या बारशाला रत्नागिरीला गेले. तिथे एका ब्यूटी पार्लरमध्ये आरोग्यपत्र न बघता लस देतात असं कुणीतरी म्हणालं. मी गेले. जिभेवर गार फवारा, दोन मिनिटं तोंड उघडं, बस्स. महिन्याभराने मंगळवारी मी ह्यांच्या ताटातलं कारलं उचलून खाल्लं आणि म्हटलं, "आज बरं झालंय."

ह्यांचा चेहरा असा खुलला! "बघ! सवयीने आवडायला लागतं. मी म्हणत नव्हतो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या क्षणी सांगितलं असतं तर ते आठ दिवस रागावले असते आणि मग दुसऱ्या कुणाला चाखायला लावलं असतं. पण निळा ठिपका गेला असता. बशा घेऊन येणाऱ्या बायका गेल्या असत्या. "हिची जीभ चुकत नाही" हे गेलं असतं. शिवाय सुरेखाचा दुधी बारा वर्षांत एकदाही कडू निघाला नव्हता. मी ठरवलं, सांगू कधीतरी सवडीने.

सुरेखा भुवड वाशिष्ठीच्या काठाला भाजी पिकवते आणि आमच्या नाक्यावर बसून विकते. स्वतः पिकवलेलंच विकणार, उगाच गोड बोलणार नाही. ती आणि मी दोघीही तिखट, म्हणून आमचं जमायचं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडून दोन दुधी घेतले. पिशवीत टाकताना ती म्हणाली, "वयनी, यंदा ऊन लय झालंय. वेल पार करपलेत. नीट चाखून घ्या हां."

"मला शिकवतेस होय गं?" मी म्हटलं. दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देठाकडची फोड कापली. चावली. वीस आकडे मोजले. ह्याला तुम्ही काय म्हणाल? मला पक्कं ठाऊक होतं की या जिभेला काही कळणार नाही. तरी मी मोजले, आणि मोजून झाल्यावर मलाच खरं वाटलं की मी चाखलंय. इतक्या वर्षांच्या सवयीने हात, दात, आकडे आपापलं काम करत राहिले. आतमध्ये कुणी नव्हतं एवढंच.

"कसा आहे?" ह्यांनी मिक्सरचं झाकण धरून विचारलं.

"गोड आहे."

भला मोठा पेलाभर रस ह्यांनी उभ्या उभ्या संपवला. मी रस घेत नाही, मला सकाळी चहा लागतो. आठच्या आत पहिली उलटी झाली. नऊला रक्त पडलं. दवाखान्यात मृण्मयीही धावत आली. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, तिने पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी दुधीचा रस घेतला होता का? कडू होता?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी खाटेवरून हे बोलले. आवाज फुटत नव्हता, तरी बोलले. "नाही डॉक्टर. तिने चाखला होता. हिची जीभ चुकत नाही."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. निळा ठिपका पाहिला. मी होकारार्थी मान हलवली. मग ते लोक हृदयाचं बघत बसले, कुठल्या औषधाची बाधा झाली का ते शोधत बसले. दुपारी रक्ताच्या तपासणीवरून खरं कळेपर्यंत रक्तदाब तळाला गेला होता. संध्याकाळी सगळं संपलं. आधी कळलं असतं तर वाचले असते का, हे मी त्या डॉक्टरणीला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नाही.

घरात उरलेल्या सालींची तपासणी झाली. दुधी विषारी कडू निघाला. मग प्रश्न आला की नोंदणीकृत चाखणारीला तो कडू कसा लागला नाही? चौकशी अधिकारी घरी आले तेव्हा मृण्मयी माझा हात धरून बसली होती. मी म्हटलं, "चाखला होता. कडू नाही लागला." बघा, अक्षर अन् अक्षर खरं! माझ्यासारख्या मास्तरणीला हे बरोबर जमतं.

अधिकाऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ काढला. दुधी कडू होता आणि चाखणारीला लागला नाही, म्हणजे विकणारीने त्यावर थेंब शिंपडले असणार. उन्हाने कडू झालेला माल खपवायला काही ठिकाणी असं चालतंही. भाजीवरचे थेंब दोन दिवसांत विरतात, त्यामुळे पुरावा मिळत नाही. पण सुरेखाच्या घरी थेंबांची बाटली सापडली. तिच्या सासऱ्याचं औषध कडू होतं, त्यासाठी आणलेली. तिची जागा बंद केली, भाजी जप्त केली, आणि माणूस मेल्याचा खटला उभा राहिला. दिवाळीनंतरच्या सोमवारी माझी साक्ष होती. ती झाली की सुरेखाचा सात-आठ वर्षांचा तुरुंग कुणी चुकवणार नव्हतं.

मृण्मयीने मला आपल्या घरी नेलं. रोज एकदा तरी म्हणायची, "आई, त्या बाईला मी सोडणार नाही. बाबा तिला ताई म्हणायचे." मी गप्प. माझं गप्प बसणं तिला दुःख वाटायचं. दुःख होतंच की! पण त्याच्याखाली काय दडलंय ते तिला दिसत नव्हतं.

आणि मग ते सुरू झालं. ह्यांच्या तेराव्यानंतरच्या सकाळी, बरोबर पावणेसातला, माझ्या तोंडात कडू आलं.

आधी वाटलं पित्त असेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. जिभेच्या मुळापासून टोकापर्यंत, दाट, दुधीच्या देठाचं कडू. तोंड धुतलं, गूळ खाल्ला, काही उपयोग नाही. मिक्सर कुठे फिरत नव्हता तरी त्याचा आवाज कानात, आणि झाकण धरलेला ह्यांचा हात डोळ्यांपुढे. "कसा आहे?" अर्धा तास राहायचं आणि जायचं. मला वेडी आशा वाटली की जीभ परत आली. बागेतला कडुलिंबाचा पाला ओरबाडून चावला. कागद चावल्यासारखा. कारल्याचं बी चावलं, काही नाही. खऱ्या कडूला जीभ मुकी, आणि जे कडू तोंडात नव्हतंच ते मात्र रोज घड्याळ लावून येत होतं.

मुंबईच्या एका जिभेच्या डॉक्टरांना खोट्या नावाने फोन केला. त्यांनी समजावून सांगितलं. पाय कापलेल्या माणसाचा नसलेला पाय दुखतो ना, तसंच हे. जिभेकडून निरोप येणं बंद झालं तरी मेंदूतली कडूची जागा रिकामी पडत नाही. ती वाट बघत राहते, आणि एखादी आठवण फार जोरात आदळली की स्वतःच घंटा वाजवते. "असं काही घडलं होतं का बाई, त्या चवीशी जोडलेलं?" त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला.

दिवाळीच्या दोन दिवस आधी सुरेखा आली. आत आली नाही, फाटकाशी उभी राहिली. अर्धी झाली होती. मृण्मयी तरातरा बाहेर गेली. "तुमची हिंमत कशी झाली इथे यायची?"

"ताई, मी भांडायला नाय आले. वयनींना एकच विचारते." तिने माझ्याकडे बघितलं. "वयनी, मी तुमाला बोलले होते का नाय, ऊन झालंय, नीट चाखून घ्या? तेवढंच सांगा. थेंब टाकणारी बाय असं बोलंल काय?"

मृण्मयी माझ्याकडे वळली. "बोलली होती?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

सुरेखा ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पदराखालून पानाचा पुडा काढला आणि भिंतीवर ठेवला. "कारटं हायत. दरसाल देते म्हणून आणली," म्हणाली आणि गेली. त्यानंतर माझं तोंड दिवसभर कडू राहिलं. पावणेसातचं बंधनही उरलं नाही.

मी लिहितेय खरं, पण त्या दोन दिवसांत मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहून मी कडू लागल्याचा चेहरा करून बघत होते. डोळे कसे मिटतात, ओठ कुठे वळतात, खांदे कसे आक्रसतात. कारण चतुर्दशीला रेवासाठी कारीट फोडणार होते. आमच्या घरात यंदा सण नव्हता, पण मृण्मयीच्या सासरी होता, आणि तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे जाणार होतं. तो चेहरा मला हुबेहूब जमला. आरशात बघून माझा मलाच विश्वास बसला.

चतुर्दशीची सकाळ. रेवाला तेल लावून, न्हाऊ घालून तुळशीपाशी आणलं. सुरेखाची पाच कारटं पाटावर. रेवाने इवल्याशा अंगठ्याने एक फोडलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि "शी! कडू कडू कडू!" करत आईच्या पोटात तोंड खुपसलं. मग तिने ओलं तोंड वर काढून मला हाक मारली. "आजी, आता तू! तुला पण लागतं ना? आपल्या दोघींनाच लागतं."

मी अंगठ्याने कारीट दाबलं. फळ फुटलं. हातात घेतलं तेव्हा मनात एकच होतं. रोज येणारं ते खोटं कडू आत्ता तरी येऊ दे. निदान या एका क्षणाला साक्षीला येऊ दे. मग मला चेहरा करावा लागणार नाही.

जिभेला लावलं. काहीच नाही. पाणी. आणि त्या दिवशी, सहा महिन्यांत पहिल्यांदा, तेसुद्धा आलं नाही.

रेवा बघत होती. मृण्मयी बघत होती, ओल्या डोळ्यांनी आणि थोडी हसत, कारण गेल्या वर्षी याच वेळी बाबा होते. चेहरा तयार होता, नुसता करायचा होता. पण मला ह्यांचा आवाज ऐकू आला. तिने चाखला होता. दवाखान्यातला, रक्ताने भरलेल्या तोंडातून आलेला. त्या माणसाने मरतानाही माझीच बाजू घेतली होती, आणि मी ती खोटी बाजू जपायला एका बाईला तुरुंगात धाडायला निघाले होते. माझ्याने चेहरा होईना.

मी अर्धं कारीट तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"आई! अगं थुंक, विषारी असतं ते!" मृण्मयी धावली.

मी आणखी एकदा चावलं, चोथा हातावर थुंकला आणि तिच्यापुढे धरला. डोळे मिटले नाहीत, ओठ वळले नाहीत.

"मला काही लागत नाही, मृण्मयी. जानेवारीपासून. रत्नागिरीला लस घेतली मी. बाबांचा दुधी मी चाखला नव्हता, नुसता चावला होता. आणि सुरेखा मला बोलली होती, नीट चाखून घ्या म्हणून. मला आठवतंय."

तिचा हात मध्येच थांबला.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"डॉक्टरने विचारलं तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते, आई."

"हो."

तिने रेवाला उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. रेवा आतून विचारत होती, "आजीला का नाही लागलं?" उत्तर ऐकू आलं नाही. मी तुळशीपाशी बसून राहिले, मग उरलेली तीन कारटं पदरात घेतली आणि चालत माझ्या घरी आले.

सोमवारी मी साक्ष दिली. सगळं सांगितलं, ब्यूटी पार्लरपासून "आठवत नाही"पर्यंत. सुरेखा सुटली. माझा ठिपका रद्द झाला आणि माझ्यावर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. बशा घेऊन कुणी येत नाही. मृण्मयीचा फोन येत नाही. संक्रांतीला रेवाच्या अक्षरात एक पत्र आलं, "आजी तिळगूळ घे," एवढंच. पत्ता मात्र मृण्मयीच्या अक्षरात होता. ते पाकीट मी उशाशी ठेवलंय.

पावणेसातचं कडू दुसऱ्याच दिवशी परत आलं होतं. येतं अजून. मीही आता त्याला घालवायला गूळ खात नाही.

माझी खरी परीक्षा कोर्टातली नव्हतीच, सुरेखासमोर उभं राहण्याची होती. दुधी सोडला असता तर चाललं असतं, जगात भाज्या कमी आहेत का? पण फेब्रुवारीत सुरेखाची जागा पुन्हा उघडली, आणि मी पिशवी घेऊन गेले. चार बायका पुढे होत्या. तिने मला बघितलं आणि पुढच्या बाईची भाजी तोलत राहिली. माझी पाळी आल्यावर मी एका दुधीकडे बोट दाखवलं.

तिने दुधी घेतला. सुरी घेतली. देठाकडची पातळ फोड कापली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. तिने लस घेतलेली नाही. पिकवणाऱ्याने घेऊन कसं चालेल, म्हणते. ती चावत राहिली आणि माझ्याकडे सरळ बघत राहिली. मी मनात वीसपर्यंत मोजलं.

"गोड आहे," ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझी जीभ चुकत नाही गं."

तिची सुरी थांबली.

"चुकते, वयनी," ती म्हणाली. "म्हणून दोनदा चाखते."

तिने दुधी उलटा केला, टोकाकडची दुसरी फोड कापली आणि तोंडात टाकली. मागे उभ्या असलेल्या बायका खोळंबल्या होत्या. मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.